रेडिओवरच्या ताईंना, सोलापूरच्या पूर्व भागातून

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

सोमवार ते शुक्रवार, दुपारी तुमचा गप्पा-गाण्यांचा कार्यक्रम लागला की आमच्या गल्लीत घराघरांतून तुमचाच आवाज येतो. विड्या वळणाऱ्या बायकांचे हात आणि डोळे सुपात गुंतलेले असतात. टीव्हीसाठी मान वर करावी लागते, आणि मान वर केली की हजार विड्या भरायला उशीर होतो. मोकळे असतात ते फक्त कान. त्या कानांची तुम्ही कदर केलीत, म्हणून हे जाहीर पत्र.

माझी आई, आम्ही तिला अम्मा म्हणतो, लग्नाआधीपासून विड्या वळते. घरात तेलुगू बोलते, बाहेर मराठी. वाचता दोन्ही येत नाही. तिच्या पीएफच्या नोंदीत माहेरचं नाव होतं आणि आधार कार्डावर सासरचं. पैसे तिच्याच घामाचे, पण निघत नव्हते. जाऊ तिथे "नाव जुळत नाही" एवढंच ऐकायचं आणि परत यायचं.

एके दुपारी तुमच्याकडे पीएफचे जाणकार पाहुणे आले होते. ते कलमं सांगू लागले तेव्हा तुम्ही विचारलंत, "साहेब, घरी विड्या वळणारी बाई आहे, तिला वाचता येत नाही. उद्या सकाळी घरातून निघताना तिनं पिशवीत काय काय घ्यायचं?" मग त्यांनी एकेक कागद सांगितला. आधी नावदुरुस्तीचा अर्ज, त्यावर मालकाचा सही-शिक्का, पैशांचा अर्ज त्यानंतर. गाणं लावण्याआधी तुम्ही ते सगळं पुन्हा सावकाश म्हणालात. अम्मा मला म्हणाली, "लिहून घे." गाणं संपेपर्यंत माझं लिहून झालं होतं. पुढे नाव दुरुस्त झालं, पैसे खात्यात जमा झाले.

घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हणणारा कायदा १९६६ साली आला. पण तिची अडचण तिच्या बाजूनं मांडणारं माणूस अम्माला तुमच्या रूपानं भेटलं.

बाकीच्या पाहुण्यांच्या गोष्टीही आमच्या गल्लीत अजून निघतात. नान्नजच्या माळावरचे पक्षीनिरीक्षक सांगत होते, माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. शेजारच्या आजींनी त्यावर दोन दिवस हळहळ केली. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, आधी मिरवणुकीतले उंच नंदीध्वज पेलणारे आले, सरावाबद्दल भरभरून बोलले. पण मला सगळ्यांत आवडले ते जेकॉर्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचे, पुठ्ठ्याचे पत्ते पाडणारे काका. चादरीवरचा मोर आधी चौकटींच्या कागदावर रंगवतात, मग त्या चौकटींप्रमाणे पुठ्ठ्याला भोकं पाडतात आणि त्या भोकांवरून माग धागे उचलतो, हे त्यांनी असं समजावलं की संध्याकाळी मी घरातली चादर उलटसुलट करून बघत बसले. जन्म सोलापुरात गेला, आणि हे मला रेडिओनं सांगितलं! त्या दिवशी शेवटी तुम्ही तेलुगू गाणं लावलंत. पलीकडच्या घरातून कुणीतरी मोठ्यानं साथ धरली होती.

ताई, अम्माची एक मागणी आहे. तंबाखूच्या धुळीनं आमच्याकडे बऱ्याच बायकांना खोकला लागतो. एकदा छातीच्या डॉक्टरांना बोलवा. प्रश्न मात्र तुम्हीच विचारा.

तुमची श्रोती,
पूर्व भाग, सोलापूर