काका, अंगठा आता वेळेवर सुटतो

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. इथे अमेरिकेत, मिलवॉकीत नव्याने आलेली आपली मंडळी पहिल्या हिवाळ्यात हमखास बोलिंगकडे वळतात, म्हणजे लांब लेनवरून जड बॉल सोडून टोकाच्या दहा पिना पाडायच्या खेळाकडे. तुम्ही फिनिक्सला लेकीकडे राहायला गेलात, त्यामुळे त्यांना तुम्ही भेटणार नाही. निदान तुम्ही काय शिकवायचात ते तरी त्यांना कळू दे.

पहिले आभार बॉलच्या भोकाबद्दल. मी लीगमध्ये आले तेव्हा जो तो मला मनगट कसं वळवायचं ते सांगत होता. तुम्ही मनगटाचं नावही काढलं नाहीत. रॅकवरचा बॉल माझ्या हातातून घेतलात, अंगठ्याच्या भोकात माझा अंगठा किती हलतो ते पाहिलंत आणि थेट प्रो शॉपमध्ये, म्हणजे बोलिंगच्या सामानाच्या दुकानात नेलंत. रॅकवरचे बॉल कुणाच्याही हाताला बसावेत म्हणून मोठ्या भोकांचे असतात. भोक सैल असलं की बॉल पडेल या धास्तीने हात आपोआप आवळतो, आवळलेला अंगठा खाली वेळेवर निघत नाही, आणि मग बॉल एक तर घोट्यामागेच गळतो नाहीतर वर उचलला जाऊन लेनवर धप्पकन आपटतो. हे तुम्ही तिथे उभ्या उभ्या समजावून सांगितलंत. मग माझ्या हाताचं माप घेऊन बॉलला भोकं पाडून घेतली, मधलं आणि अनामिका ही बोटं पहिल्या पेरापर्यंतच आत जातील अशी. नियमाप्रमाणे बॉल १६ पौंडांपर्यंत चालतो आणि जड बॉलनेच पिना पडतात असं ठासून सांगणारे तिथे बरेच होते. तुम्ही मला १२ पौंडांचा घ्यायला लावलात. तो निर्णय किती बरोबर होता ते माझ्या मनगटाला विचारा.

आणि ती पांढरी टेप! अंगठ्याच्या भोकात चिकटवायच्या त्या छोट्या अर्धगोल पट्ट्या. जानेवारीत बाहेरून आल्यावर अंगठा गारठून बारीक झालेला असतो, तेव्हा एक पट्टी जास्त. दोन गेम झाले की तोच अंगठा फुगतो, मग चिमट्याने एक काढायची. तुमच्या बॅगेतला तो चिमटा आणि बॉल न उचलता नुसता अंगठा आत-बाहेर करून बघायची तुमची सवय मी जशीच्या तशी उचलली आहे. बरेच जण वर्षानुवर्षं आपल्या रिलीजला, म्हणजे बॉल हातातून सोडण्याच्या पद्धतीला दोष देत राहतात आणि दुखणं असतं एका पट्टीचं. याबाबतीत माझं मत आता तुमच्याइतकंच ठाम आहे.

त्यानंतर कुठे खरा रिलीज. लेन जिथून सुरू होते त्या फाउल लाइनपाशी उजवा गुडघा टेकवून, डावं पाऊल पुढे ठेवून तुम्ही मला बसवलंत. पावलं नाहीत, जोर नाही, पिनांकडे बघायचंही नाही. हात खांद्यातून सैल सोडायचा आणि बॉल डाव्या घोट्यापाशी येईपर्यंत तळवा बॉलच्या मागे ठेवायचा. "अंगठा घरातला वडीलधारा आहे, तो आधी उठेल, मग बोटं उठतील," हे तुमचं वाक्य मी आता मुलांनाही सांगते. अंगठा निघाल्यावर बॉल क्षणभर फक्त दोन बोटांवर असतो आणि त्या क्षणातच सगळं होतं. घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणायला लावून तुम्ही म्हणायचात, बोटं सहावर असू देत, सुटताना पाचावर येऊ देत, फार तर चारावर. तीनच्या वर गेली की हात बॉलवर चढला आणि बॉलचा जीव गेला. मुद्दाम वळवायचं काहीच नाही. हात पुढे शेकहँडसारखा संपला की समजायचं, झालं.

सगळ्यात नवल वाटायचं ते तुमच्या कानांचं. लेनकडे पाठ करून कॉफी पीत बसायचात आणि माझा बॉल सुटला की न वळता म्हणायचात, "अडकला." किंवा "हां, हा गेला." आता तो फरक मलाही ऐकू येतो.

हुक, म्हणजे शेवटी आत वळणारा बॉल, हा निव्वळ दिखावा असं मला वाटायचं. तुम्ही स्कोअरशीटच्या मागे दहा पिना नंबर घालून काढून दाखवल्यात, सगळ्यात पुढची १, तिच्या मागे उजवीकडे ३, मधोमध ५. नीट पॉकेटमध्ये, म्हणजे १ आणि ३ च्या मधे शिरलेला उजव्या हाताचा बॉल स्वतः फक्त चार पिनांना लागतो: १, ३, ५ आणि ९. बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात. माझा सरळ जाणारा बॉल १ ला धडकून उजवीकडे ढळायचा आणि ५ नंबरची पिन जागची हलायची नाही. बॉल साधारण सहा अंशांच्या कोनात आत शिरला तर तो कमी ढळतो आणि ५ पर्यंत पोचतो. तेवढा कोन सरळ बॉलला मिळणं शक्य नाही. लेन ६० फुटांची, त्यातले पहिले चाळीसेक फूट तेल. बोटांनी दिलेली फिरकी तेलावर बॉल नुसती जपून ठेवतो आणि पुढे कोरड्या लाकडावर ती पकड घेते. म्हणजे घोट्यापाशी जे घडलं ते दिसतं शेवटच्या वीस फुटांत. हे कळल्यावर मी पिनांकडे बघणं सोडलं आणि लेनवर पंधरा फुटांवर काढलेल्या बाणांकडे बघायला लागले.

आमच्या घरातला धाकटा, त्या ऑस्ट्रेलियन बोलर जेसन बेलमॉन्टीसारखा, दोन हातांनी टाकायला लागला तेव्हा तुम्ही रागावाल असं वाटलं होतं. तुम्ही हसून म्हणालात, "तो अंगठा आत घालतच नाही, त्याच्याशी आपलं काय भांडण!" आणि त्यालाही शेजारच्या लेनवर तासभर दिलात.

तुमच्याकडून ऐकलेली एक गोष्ट मात्र मनात घर करून आहे. मिलवॉकीतल्या हॉलर हाउस या जुन्या बारच्या तळघरातल्या १९०८ च्या त्या दोन लेन दाखवायला नेलं होतंत, जिथे पिना अजून हातांनी उभ्या करतात. तिथे बसून सांगितलंत की अमेरिकन बोलिंग काँग्रेस या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांत १९५० पर्यंत फक्त गोऱ्या पुरुषांनाच सदस्यत्व होतं. सत्तरच्या दशकात तुम्ही नवखे इंजिनिअर म्हणून कारखान्याच्या लीगमध्ये गेलात तेव्हा त्या पिढीतली माणसं तिथे खेळतच होती. त्यांच्यातल्याच एका फोरमनने तुम्हाला फाउल लाइनपाशी गुडघ्यावर बसवलं. कुणी सांगितलं नव्हतं, पैसे घेतले नाहीत. तुम्हीही माझ्याकडून कॉफीपलीकडे कधी काही घेतलं नाहीत. त्या फोरमनचेही आभार, ते तुमच्यामार्फतच पोचवावे लागतील.

शनिवारी सकाळी मी आता तीन-चार नव्या मुलींना गुडघ्यावर बसवते. एकीचा अंगठा फारच घामेजतो आणि टेपने भागत नाही. तिच्यासाठी काय करावं ते कळवा. मार्चमध्ये फिनिक्सला येते आहे, बॉल सोबत आणते. लेन तुम्ही ठरवून ठेवा, आणि खांदा परवानगी देत असेल तर एक गेम माझ्याबरोबर टाका.

काकूंना नमस्कार.

तुमची,
लीगमधली पुणेकरीण