भरता येणारे अर्ज छपाईच्या फाइलमध्येच तयार व्हावेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वडोदऱ्यातील अनेक शिक्षणसंस्था, पतपेढ्या आणि समाजमंडळे हल्ली आपले अर्ज संकेतस्थळावर ठेवतात. पण त्यांपैकी बऱ्याच पीडीएफ म्हणजे छापील कागदाचे नुसते चित्र असते. अर्जदाराने ती रावपुऱ्यातील एखाद्या दुकानात छापून घ्यायची, हाताने भरायची, स्कॅन करून पाठवायची आणि मग कारकुनाने तीच माहिती संगणकावर पुन्हा टाइप करायची, हा खटाटोप कशासाठी? पीडीएफमध्ये भरता येणाऱ्या रकान्यांची सोय १९९६ पासून आहे आणि आपले डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करणारे, ज्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये अर्ज जुळवतात त्यातही २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीपासून ती आली आहे.

तरीही रकाने घालायचेच झाले तर ते मांडणी संपल्यावर, तयार पीडीएफमध्ये फेरफार करणाऱ्या अ‍ॅक्रोबॅटमध्ये घातले जातात. पुढल्या वर्षी मजकुरात एखादी ओळ वाढून मांडणी सरकली, की ते एकेक करून जागेवर आणावे लागतात. त्याऐवजी इनडिझाइनच्या मूळ फाइलमध्येच रकाने ठेवावेत. कुटुंबातील आठ सदस्यांचे नाव, नाते, वय आणि उत्पन्न विचारणाऱ्या तक्त्यातील बत्तीस रकाने एक छोटी स्क्रिप्ट (संगणकाला दिलेल्या आज्ञांची यादी) एका दमात मांडते आणि प्रत्येकाला शिस्तशीर नावही देते. बेरजेची आणि तपासणीची सूत्रे मात्र इनडिझाइनमध्ये लिहिता येत नाहीत, ती अ‍ॅक्रोबॅटमध्येच घालावी लागतात. मोफत मिळणाऱ्या स्क्रायबस या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती मूळ फाइलमध्येच राहतात, म्हणून लहान संस्थांनी त्याचा जरूर विचार करावा.

खरी मेख आहे ती देवनागरीची. एका चौकटीत एक अक्षर, ही इंग्रजी अर्जांची पद्धत आपण डोळे मिटून उचलली आहे. 'श्रीकृष्ण' हे नाव आपल्या लेखी तीन अक्षरांचे. संगणकाच्या हिशेबी त्यात नऊ चिन्हे असतात, कारण हलन्त आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. साहजिकच चौकटी अपुऱ्या पडतात आणि जोडाक्षरे फुटतात. नावासाठी सलग मोकळा रकाना ठेवावा. चौकटी सहा अंकी पिनकोडला शोभतात. आकड्यांचेही तसेच आहे. आपल्या शहरात कोणी मराठी, कोणी गुजराती, तर कोणी इंग्रजी अंक टाइप करतो; पण ही सूत्रे ज्या भाषेत लिहितात त्या जावास्क्रिप्टला '५' किंवा '૫' ही संख्या वाटतच नाही आणि बेरीज कोलमडते. हे अंक आधी इंग्रजी अंकांत बदलून घेणारी चार ओळींची सूचना सूत्रात असलीच पाहिजे. शिवाय जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी संगणकीय पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये जुळवलेली मराठी कागदावर कितीही देखणी दिसली, तरी अंध अर्जदाराचे वाचक सॉफ्टवेअर तिचा उच्चार निरर्थक करते. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच असावा आणि त्या सॉफ्टवेअरला वाचून दाखवता यावे म्हणून प्रत्येक रकान्याचे वर्णनही भरावे.

मोबाइलवर पीडीएफ उघडणाऱ्या अनेक अ‍ॅपमध्ये बेरजेची आणि तपासणीची ही सूत्रे चालत नाहीत, त्यामुळे आलेल्या अर्जाची बेरीज आणि आयएफएससी क्रमांकाची अकरा चिन्हे कार्यालयाने स्वतः तपासणे भागच आहे. संस्थांना विनंती एवढीच, की अर्जाचे काम देताना भरता येणाऱ्या पीडीएफची अट दरपत्रकातच घालावी आणि काम पूर्ण झाल्यावर मूळ फाइल व स्क्रिप्ट मुद्रकाकडे न ठेवता स्वतःच्या ताब्यात घ्यावी.

आपला,
एक डीटीपी व्यावसायिक,
दांडिया बाजार, वडोदरा