दरडीनंतरचा दुसरा महिना: मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, स. न. वि. वि.

19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ता राहिले आणि चौथ्या दिवशी शोधकार्य थांबलं. त्या दिवसांत मदतीचा ओघ मोठा होता, पुढे घरंही बांधली गेली. मला बोलायचंय ते अशा गावांच्या दुसऱ्या महिन्याबद्दल.

पीटीएसडी, म्हणजे अशा जिवावरच्या प्रसंगानंतर जडणारा आघातोत्तर तणाव विकार, या निदानाला मानसोपचारात 1980 मध्ये अधिकृत स्थान मिळालं. लक्षणं महिनाभराहून अधिक टिकली तरच ते करता येतं. पहिले काही दिवस झोप उडणं, दचकून उठणं हे बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं. म्हणून लगेच सगळ्यांना एकत्र बसवून ‘मन मोकळं करा’ सांगणाऱ्या एकाच सत्रातून फारसं काही साधत नाही, काहींना उलट त्रास होतो. ज्यांचं ओसरत नाही ते महिन्यानंतर ओळखता येतात. तोवर शिबिरं उठलेली असतात! काहींच्या बाबतीत तर निदान करण्याइतकी लक्षणं सहा महिन्यांनंतरच दिसतात.

मग पावसाळा येतो. पत्र्यावर सरी वाजू लागल्या की माणूस मुलांना उठवून दाराशी बसवतो. डोंगराकडची वाट सोडतो, गेलेल्यांचा विषय निघाला की उठून जातो. बाई आरोग्य केंद्रात छातीत धडधडतं म्हणून सांगते, तिचं बीपी मोजून झोपेची गोळी दिली जाते. घरचे म्हणतात, किती दिवस तेच धरून बसायचं? कुणी दारूकडे वळला, तर गावाला फक्त दारू दिसते. झोपेची गोळी हा पीटीएसडीवरचा उपचार नव्हे. त्या आघातावरच काम करणारी मानसोपचार पद्धत आणि गरजेप्रमाणे सर्ट्रालीनसारखं औषध यांनी अनेक जण सावरतात.

टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 क्रमांक आहे, तो हवाच. पण टाळणं हे या आजाराचं लक्षणच आहे. ज्याला सर्वांत जास्त गरज, तो बहुधा फोन करणारच नाही. म्हणून पुनर्वसनाच्या आदेशातच लिहा, की जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक आशाताईंना सोबत घेऊन दीड महिन्याने, सहा महिन्यांनी आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर घरोघरी जाईल. मृतदेह बाहेर काढणारे स्वयंसेवक आणि जवानही त्या यादीत असू द्या, त्यांनाही हा आजार होतो.

येत्या पावसाळ्याआधी असा आदेश निघेल का, कृपया कळवावं.

आपली,
एक समुपदेशक, रायगड जिल्हा