छोट्या विमानांवर राग का?

महोदय,

इंदूरहून उडणारी एटीआर ही पंख्यांची छोटी विमाने बंद करून सगळीकडे जेटच हवे, ही आपल्या अंकातील वाचकाची मागणी पटली नाही. एटीआर-७२ मध्ये रांगेत दोन-दोन अशी चारच आसने. मधले आसनच नाही. एअरबस ए-३२० आणि बोइंग ७३७ मध्ये तीन-तीन, त्यातही बोइंगचे आसन एअरबसपेक्षा साधारण इंचभर अरुंद. गेल्या महिन्यात एटीआरमध्ये आईला खिडकीशी बसवले, शेजारी मी. अवघडलेले पाय मोकळे करायला ती दोनदा उठली, तिसऱ्या कोणाला उठवावे लागले नाही. पंख्यांची घरघर असते, पावसाळ्यात हादरेही बसतात, हे मान्य. पण गुडघ्यांना जागा किती, हे कंपनी दोन रांगांत किती अंतर ठेवते त्यावर ठरते. ते अंतर तिकीट काढतानाच दिसावे, अशी मागणी आपण सर्वांनी करायला हवी.

— एक वाचक, इंदूर