दोष लिनक्सचा नव्हता, बोर्डाचा होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत माझं अ‍ॅल्युमिनियमच्या पाट्या कोरायचं छोटं वर्कशॉप आहे. यंत्र जुनं, कंट्रोल लिनक्स-सीएनसीचा, म्हणजे लिनक्स या मोफत प्रणालीवर यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. गेल्या पावसाळ्यात संगणक बदलला आणि गोल खाच कोरताना तिची दोन टोकं जुळेनाशी झाली. कधी अर्ध्या मिलिमीटरचा फरक, कधी काहीच नाही. वायरमन म्हणाला अर्थिंग, मोटरवाला म्हणाला केबल. भाचा म्हणाला, "मामा, फुकटचं ते फुकटचंच."

दोन्ही बदलून झाल्यावर लेटन्सी-टेस्ट लावली. संगणक ठरल्या वेळेपेक्षा किती उशिरा काम करतो, हे ती मोजते. आकडा १२ मायक्रोसेकंदांवर स्थिर, आणि मिनिटभराने एकदम ३००! ऐकायला हे काहीच नाही. पण भर वेगात माझ्या मोटरला सेकंदाला १०,००० पल्स (एकेक पाऊल सरकण्याचे विजेचे इशारे) लागतात, म्हणजे दर १०० मायक्रोसेकंदांना एक. मध्येच तीन उशिरा आल्या की मोटर अडखळून घसरते, आणि संगणक मात्र सगळं ठीक समजून पुढे कोरत राहतो.

मग एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट हे तपासणीचं साधन चालवलं. ते इंटरप्ट (चालू काम थांबवायला लावणारे इशारे) बंद करून नुसतं घड्याळ वाचत बसतं. तरीही खंड पडला, तर तो वेळ लिनक्सच्या खालच्या कोणीतरी खाल्लेला असतो. खंड पडलाच. प्रोसेसरवर नजर ठेवणाऱ्या टर्बोस्टॅटमध्ये एसएमआयचा आकडाही त्याच ठेक्यात वाढत होता. एसएमआय म्हणजे बायोसने (मदरबोर्डवरच भरलेल्या प्रोग्रामने) प्रोसेसर परस्पर स्वतःच्या कामाला जुंपणं; कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ते कळतही नाही, अडवताही येत नाही. बायोसमधला 'यूएसबी लेगसी सपोर्ट' (यूएसबी कीबोर्ड-माउस बायोसनेच सांभाळायची सोय) बंद केला आणि आकडा थांबला. (काहीजण सगळेच एसएमआय बंद करतात. मी धजलो नाही. तापलेला प्रोसेसर सावरायचं कामही काही बोर्डांवर त्याच वाटेने होतं.)

२०२४ मध्ये लिनक्स ६.१२ पासून रिअल-टाइमची, म्हणजे काम ठरल्या वेळेतच होण्याची, सोय मूळ कर्नलमध्येच आली, याचा आनंद आहे. पण तो कर्नल टाकूनही या बोर्डावर माझी खाच जुळली नसती. विक्रेते गिगाहर्ट्झ आणि रॅम सांगतात, 'इंडस्ट्रियल' म्हणून जास्त पैसेही घेतात. बायोस प्रोसेसर किती वेळ अडवतो, हे माहितीपत्रकात कुठेच नसतं. ते छापलं जावं, एवढीच मागणी आहे.

तोवर मी या चाचण्यांचा पेनड्राइव्ह खिशात घालूनच बोर्ड घ्यायला जातो. एका दुकानदाराने "असं कोणी बघत नाही" म्हणून तो लावू दिला नाही. तिथून रिकाम्या हाताने परत आलो.

— एक लघुउद्योजक, सातपूर, नाशिक