तिसरी पट्टी

सोलापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

सुटीतल्या वर्गात आमच्या नववीच्या मुलांना आठवडाभर पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) शिकवण्याची तुझी योजना मी दोनदा वाचली. पहिल्या दिवशी जिवंतही आणि मेलेलेही मानायचे ते श्रोडिंजरचे पेटीतले मांजर, मग दूरच्या दोन कणांचे गूढ नाते आणि शेवटच्या दिवशी घाईघाईने सुरक्षित संदेशवहन, असा तुझा क्रम आहे. माझे मत विचारलेस म्हणून सांगते, हा क्रम उलटा कर. मांजराची गोष्ट मुले डोळे विस्फारून ऐकतील, पण त्यात त्यांच्या हाताला करण्यासारखे काहीच नाही, आणि जे हाताने केले नाही त्यावर ती शंका काढत नाहीत.

सुरुवात ध्रुवक पट्ट्यांनी कर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पलीकडे सोडणाऱ्या पट्ट्यांनी. जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची वरची पातळ पट्टी हलक्या हाताने सोडवली की झाले. मागच्या पट्टीला चंदेरी थर असतो, ती चालत नाही. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून खिडकीकडे धरायला लाव आणि त्यांतली एक हळूहळू फिरवायला सांग. काटकोनात येताच पलीकडचा उजेड जवळजवळ नाहीसा होतो. वर्गातली बरीच मुले पूर्व भागातली आहेत, यंत्रमागाच्या आवाजात वाढलेली आहेत. ती लगेच म्हणतील की पट्टी ही मागाच्या फणीसारखी आहे, उभे ते जाऊ देते आणि आडवे ते अडवते. ही उपमा त्यांची त्यांना सुचू दे आणि मुळीच खोडू नकोस. मग त्या दोन पट्ट्यांच्या मधोमध तिसरी पट्टी ४५ अंशांत तिरकी सरकवायला सांग. अंधाराच्या जागी उजेड परत येतो. पट्टी नुसती चाळणी असती, तर आणखी एक चाळणी घातल्याने उजेड वाढलाच नसता. अडवण्याबरोबरच पट्टी पलीकडे जाणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशाही बदलून टाकते, हे मुलांना स्वतःच्याच उपमेचा धागा तुटताना कळले पाहिजे.

इथे एक प्रामाणिकपणा पाळ. खिडकीतल्या भरपूर उजेडासाठी हे सारे प्रकाशाला लाट मानूनही समजावता येते, तेव्हा एवढ्यावर पुंजभौतिकी सिद्ध झाली असे सांगू नकोस. खरा प्रश्न एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण, सोडला की उभा राहतो, कारण फोटॉन अर्धा जात नाही. एक तर पूर्ण पलीकडे जातो किंवा अडतो. तिरक्या पट्टीतून निघालेला, म्हणजे तिरका, फोटॉन उभ्या पट्टीवर आला, तर यांपैकी काय होईल हे आधी सांगता येत नाही, शक्यता मात्र निम्मी-निम्मी असते.

काही वर्षांपूर्वी मी वर्गात सांगितले होते की असा फोटॉन ‘एकाच वेळी उभाही असतो आणि आडवाही’. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘बाई, मग तो सरळ तिरकाच आहे असे का नाही म्हणायचे?’ तास संपत आला होता आणि मी ‘पुढच्या वर्गात कळेल’ म्हणून तिला बसवले. ती बरोबर होती. तिरक्या पट्टीसाठी तो फोटॉन अगदी निश्चित असतो; अनिश्चितता येते ती आपण त्याला उभे-आडव्याचा प्रश्न विचारतो म्हणून. ते उत्तर मी त्या मुलीला कधीच दिले नाही, याची रुखरुख अजून आहे. तुझ्या वर्गात असा प्रश्न आला, तर त्या दिवशीचे बाकीचे सारे बाजूला ठेव.

एवढे पक्के झाले की संदेशवहन वेगळे शिकवावे लागत नाही, कारण चोरून ऐकणारा म्हणजे मध्ये घुसलेली तिसरी पट्टीच. बेनेट आणि ब्रासार्ड या शास्त्रज्ञांनी १९८४ साली मांडलेली रीत मुलांकडून चिठ्ठ्यांवर करून घे. एक चिठ्ठी म्हणजे एक फोटॉन. पाठवणारा ४० चिठ्ठ्यांवर शून्य किंवा एक लिहील आणि प्रत्येकीसाठी सरळ किंवा तिरकी पट्टी निवडेल. घेणारा आपली पट्टी स्वतंत्रपणे, छाप-काटा करून ठरवेल. पट्टी चुकली तर उत्तरही छाप-काट्यावरच. शेवटी दोघांनी फक्त पट्ट्या मोठ्याने सांगायच्या आणि न जुळलेल्या चिठ्ठ्या टाकून द्यायच्या. सुमारे २० उरतील आणि त्यांवरचे आकडे दोघांकडे सारखे असतील. मग मध्ये एक हेर बसव. त्याची पट्टी निम्म्या वेळा चुकते, आणि त्याने चुकीच्या पट्टीने मोजून पुढे पाठवलेल्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्यांचे उत्तर बिघडते, म्हणून त्या २० चिठ्ठ्यांत पाचेक चुका निघतात. खेळात कधी तीन निघतील, कधी सात. फळ्यावर सर्व गटांचे आकडे मांड आणि मगच चौथा हिस्सा कुठून आला ते विचार. हेराने एक प्रत स्वतःकडे ठेवून मूळ तसेच पुढे का पाठवू नये, हेही कोणीतरी विचारेलच. अनोळखी अवस्थेतल्या फोटॉनची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ साली सिद्ध झाले आहे.

या वाटेने संदेश जात नाही, फक्त कुलपाची किल्ली तयार होते आणि कुलूपबंद संदेश नेहमीच्याच तारेने जातो, हे आवर्जून सांग. मोठी माणसेही इथे गोंधळतात.

अंतरे सांगताना चढत्या क्रमाने जा. १९८९ सालच्या पहिल्या प्रयोगात फोटॉन हवेतून सुमारे ३० सेंटीमीटर गेले, म्हणजे मुलांच्या कंपासातल्या मोठ्या पट्टीएवढे. २०२१ साली इस्रोने अहमदाबादला ३०० मीटरवर हे करून दाखवले. आपल्या फाटकापासून पिठाच्या गिरणीपर्यंत साधारण तेवढेच भरेल, मुलांना चालत नेऊन दाखव. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनने देशात २,००० किलोमीटरचे ध्येय ठेवले आहे. ते आठ वर्षांचे काम आहे, आणि आज नववीत असलेली मुले तोवर तुझ्या वयाजवळ येतील.

वर्ग सकाळी साडेसातलाच भरव. दहानंतर वरचे पत्रे तापतात आणि मुलांचे लक्ष पाण्याच्या माठाकडे लागते. तीन पट्ट्या मी सोडवून ठेवल्या आहेत. एकीवर डिंक राहिला आहे, तेवढा तू आल्यावर स्पिरिटने पुसून घेऊ.

तुझी,
आई