खाऊच्या खोक्यांतली जुनी कार्डं लॅमिनेट करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस तोंडावर आला की ‘जुने कागद लॅमिनेट करून टाका’ हा सल्ला कोकणात हमखास मिळतो, आपल्या सदरातूनही मिळाला. अमेरिकेत खाद्यपदार्थांच्या खोक्यांतून आलेली जुनी बेसबॉल कार्डं (बेसबॉल खेळाडूंची चित्रं छापलेली) जमवणाऱ्यांनी तो कृपया मानू नये. तापलेलं प्लास्टिक एकदा कागदाला धरलं की कागद फाटल्याशिवाय सुटत नाही, आणि कार्डाची किंमत तिथेच संपते.

ही कार्डं मुळातच सोसलेली. १९१४ची क्रॅकर जॅकची १४४ कार्डं पाकातल्या मक्याच्या लाह्यांसोबत खोक्यात टाकलेली असत, त्यामुळे बहुतेकांवर डाग असतोच. १९१५चा १७६ कार्डांचा संच टपालानेही मागवता येई, म्हणून ती कार्डं जास्त स्वच्छ सापडतात. दोन्ही वर्षांची कार्डं समोरून जवळपास सारखीच; मात्र १९१५च्या कार्डावर मागचा मजकूर पुढच्या चित्राच्या मानाने उलटा, डोकं खाली असा छापलेला आहे. पाकाचा डाग पुसू नका, ओल्या बोळ्याने शाई आणि कागदाचा थरही उठतो. खरं-खोटं पाहायला नोटा तपासायचा जांभळा दिवा उपयोगी पडतो. कागद उजळवणारी रसायनं १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून रूढ झाली. १९१४चं म्हणून दाखवलेलं कार्ड त्या दिव्याखाली निळसर पांढरं चमकलं तर घेऊ नका.

१९६१ ते १९६३ची ‘पोस्ट’ या न्याहारीच्या सीरियलची कार्डं खोक्याच्या पाठीवरून आणि १९७५पासूनची होस्टेसची केकच्या खोक्यांवरून कात्रीने कापलेली असतात. चारही बाजूंची रेघ शाबूत हवी. होस्टेसची तीन कार्डांची अख्खी पट्टी मिळाली तर ती तशीच ठेवावी.

सर्वांत अवघड केलॉग्जची त्रिमिती कार्डं, १९७० ते १९८३ची. समोर प्लास्टिकचा रेघांचा थर, मागे कागद. दमट हवेत कागद फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. प्लास्टिक त्याच्याबरोबर हलत नाही. म्हणून कार्ड वळतं आणि प्लास्टिकला तडे जातात. वळलेलं कार्ड वजनाखाली दाबून सरळ करू गेलात तर तडा नक्की.

साठवणीसाठी पीव्हीसीचे पाउच टाळा, त्यांतलं तेलकट द्रव्य कार्डावर उतरतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे घ्या. वहीत खळीने चिकटवणं म्हणजे कसरीला आमंत्रण. डांबराच्या गोळ्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर सहज जाते आणि सत्तरच्या आसपासच बुरशी धरते. रबरी कडेच्या घट्ट डब्यात आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांवर राखा. सिलिका जेल भरमसाट टाकू नका, हवा फार कोरडी झाली तर त्रिमिती कार्डं उलट जास्त वळतात. जेलचे नारिंगी दाणे ओल शोषून हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवा. आषाढातल्या उन्हावर विसंबू नका. कपाट जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, तिथून ओल येते. स्टेपलर आणि टाचण्या तर खाऱ्या हवेत गंजून कागदच खातात.

काडेपेट्यांची लेबलं आणि बिस्किटांची जुनी वेष्टनं सांभाळणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. आपल्या सदरातून लॅमिनेशनचा सल्ला यापुढे दिला जाऊ नये, एवढी विनंती.

आपला,
एक संग्राहक वाचक, वेंगुर्ले